मुंग्यांनी दाखविलेला रोग

प्राचीन काळच्या भारतीय वैद्यांजवळ रक्त तपासण्याची साधने नव्हती. तरीही एक रोग त्यांनी अचूक हेरला होता. काही रोग्यांच्या मूत्राकडे मुंग्या धाव घेतात, हे त्यांच्या दृष्टीस पडले. मूत्रात मधासारखी गोडी असल्यावाचून असे घडणे शक्य नव्हते. म्हणून त्या रोगाला नाव मिळाले ‘मधुमेह’. युरोपात या गोडीची नोंद थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७४ साली केली आणि ती गोडी साखरेचीच असते, हे मॅथ्यू डॉब्सन याने १७७६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या लेखात दाखवून दिले. आपल्याकडील वैद्यांची जाण त्याहून कित्येक शतके जुनी आहे.

सुश्रुतसंहितेत या रोगाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक जन्मापासून लाभलेला आणि दुसरा अपथ्यामुळे, म्हणजे चुकीच्या आहारविहारामुळे जडलेला. पहिल्या प्रकारचा रोगी कृश असतो. त्याचे शरीर जपावे. दुसऱ्या प्रकारचा रोगी बहुधा स्थूल असतो आणि त्याला बसून राहण्याची आवड असते. त्याला श्रम करावयास लावावे. निर्धन रोग्याने तर पायांत वहाणा न घालता, छत्री न घेता, भिक्षा मागत शंभर योजने चालत जावे किंवा विहीर खणावी, असा सल्ला तेथे आढळतो. औषधाला पैसा नसलेल्या माणसाला चालणे आणि खणणे हेच औषध म्हणून सांगणाऱ्या त्या वैद्याची दृष्टी मोठी व्यवहारी म्हटली पाहिजे. वहाणा न घालण्याचा सल्ला मात्र आजचा कोणताही डॉक्टर देणार नाही. त्याचे कारण पुढे येईल.

आपण भात, भाकरी, पोळी, बटाटा, फळे असे जे जे खातो, त्याचा बराचसा भाग पचनानंतर साखरेच्या रूपाने रक्तात उतरतो. ही साखर म्हणजे शरीराचे इंधन होय. परंतु रक्तात ती फार नसते. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते आणि निरोगी माणसाच्या उपाशीपोटी त्या सर्व रक्तात मिळून जेमतेम एक लहान चमचाभर साखर असते. एवढ्या मोजक्या साखरेचा हिशेब शरीर रात्रंदिवस ठेवीत असते. या कामी मुख्य अवयव म्हणजे जठराच्या मागे आडवे पसरलेले स्वादुपिंड. त्यात पेशींची लहान लहान बेटे विखुरलेली आहेत. पाउल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ साली ती प्रथम वर्णिली. या बेटांतून इन्सुलिन नावाचा स्राव थेट रक्तात जातो. इन्सुलिनच्या आज्ञेने स्नायूंच्या पेशी आपली दारे उघडतात आणि रक्तातील साखर आत घेतात.

आता असे समजा की, दाराशी धान्याच्या गोण्या येऊन पडल्या आहेत, पण दार उघडणारा कोणी नाही. अंगणात धान्याची रास वाढत जाते आणि घरातील माणसे उपाशी राहतात. मधुमेहात नेमके हेच घडते. रक्तात साखर साठते आणि पेशींची उपासमार होते. साखर फार वाढली की मूत्रपिंडे ती अडवू शकत नाहीत. ती मूत्रावाटे वाहू लागते आणि जाताना आपल्याबरोबर पुष्कळ पाणीही नेते. म्हणून रोग्याला वारंवार लघवीला जावे लागते. पाणी गेले की घसा कोरडा पडतो आणि तहान भागेनाशी होते. पेशी उपाशी असल्यामुळे भूक वाढते. खाऊनही वजन घटते आणि थकवा येतो. ही सर्व लक्षणे एका साखळीतील कड्या आहेत. साखळी समजली की ती वेगळी पाठ करावी लागत नाहीत.

दार न उघडण्याची कारणे मात्र दोन आहेत, आणि त्यावरूनच मधुमेहाचे दोन मुख्य प्रकार पडतात.

पहिल्या प्रकारात इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशीच नष्ट होतात. शरीराचे स्वतःचे रक्षकदळ चुकून त्यांच्यावर हल्ला करते. हा प्रकार पुष्कळदा लहान मुलांत किंवा तरुणांत सुरू होतो. मुलाने गोड फार खाल्ले म्हणून किंवा आईबापांनी हयगय केली म्हणून तो होत नाही. आणि आहार किंवा व्यायाम यांनी तो टाळता येत नाही. तो संसर्गजन्यही नाही. एका ताटात जेवल्याने किंवा एका बाकावर बसल्याने तो कोणालाही लागत नाही. हे स्पष्टपणे सांगणे अगत्याचे आहे. कारण आजारापेक्षा लोकांच्या बोलण्यानेच अशा मुलांना अधिक क्लेश होतात.

इन्सुलिन हाती येण्यापूर्वी या मुलांसाठी कोणताही उपाय नव्हता. डॉक्टर त्यांना जवळजवळ उपाशी ठेवीत. त्यामुळे मृत्यू काही महिने लांबत असे, इतकेच. १९२१ सालच्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग हा तरुण शल्यचिकित्सक आणि चार्ल्स बेस्ट हा त्याचा विद्यार्थी मदतनीस यांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडातून अर्क काढण्याचा उद्योग आरंभिला. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला तो अर्क टोचण्यात आला. मुलगा हाडांचा सापळा झाला होता. त्याचे वजन तीस किलोदेखील भरत नव्हते. पहिल्या टोचणीचा फारसा उपयोग झाला नाही. उलट टोचलेल्या जागी गळू झाले. त्यानंतर जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने अहोरात्र खपून अर्क अधिक शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासून पुन्हा टोचण्या देण्यात आल्या. या खेपेस साखर उतरली आणि मुलाला शक्ती येऊ लागली. तो पुढे तेरा वर्षे जगला. या शोधाचे हक्क शास्त्रज्ञांनी एकेका डॉलरच्या नाममात्र मोबदल्यात विद्यापीठाच्या स्वाधीन केले. बँटिंगचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तोच बालदिनही आहे, हा एक सुंदर योगायोग होय.

आज पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेले मूल इन्सुलिनच्या बळावर शिकते, खेळते, मोठे होते. त्याला इन्सुलिन रोज घ्यावेच लागते. ते एकाएकी थांबविणे प्राणावर बेतू शकते. फार तहान, वारंवार लघवी, पूर्वी सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा लागणे आणि वजन झपाट्याने उतरणे ही चिन्हे कोणत्याही मुलात दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. त्यातच वांत्या, खोल व जलद श्वास आणि श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास ही लक्षणे आढळली, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

याच्या उलट प्रसंगही येतो. इन्सुलिन घेतले, पण जेवण लांबले किंवा खेळ फार झाला, तर रक्तातील साखर एकदम खाली जाते. मुलाला घाम सुटतो, हातपाय कापू लागतात, ते गोंधळल्यासारखे बोलते, कधी विनाकारण चिडते. अशा वेळी साखर हेच औषध! तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून त्याला ताबडतोब प्यावयास द्यावी आणि शिक्षकांना बोलवावे. पाव तासात बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. मात्र मूल बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर निजवावे आणि डॉक्टरांना बोलवावे. वर्गातील प्रत्येकाला एवढे ठाऊक असेल, तर त्या मुलाच्या आईवडिलांचा निम्मा घोर कमी होईल.

दुसऱ्या प्रकाराची गोष्ट वेगळी आहे. मधुमेहाच्या शंभर रोग्यांपैकी नव्वदांहून अधिक याच प्रकारचे असतात. यात इन्सुलिन असते, परंतु दाराची बिजागरी गंजलेली असतात. पोटात, यकृतात आणि स्नायूंत चरबी साठली की पेशी इन्सुलिनची आज्ञा नीट पाळीत नाहीत. मग स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन ओतते आणि वर्षानुवर्षे अशी ओढाताण करून शेवटी थकते. आनुवंशिकतेचाही यात मोठा वाटा असतो. आईबापांपैकी कोणाला मधुमेह असेल, तर मुलांनी अधिक सावध राहावयास हवे. हा रोग पूर्वी उतारवयाचा मानला जाई. आता तो तिशीतही आढळतो. क्वचित शाळकरी मुलांतही.

या प्रकाराचा खरा धोका त्याच्या मौनात आहे. वर सांगितलेली तहान आणि थकवा पुष्कळ उशिरा जाणवतात. तोपर्यंत डोळे, मूत्रपिंडे, हृदय आणि मज्जातंतू यांची हानी सुरू झालेली असते. तरी शरीर काही इशारे देतेच. जखम लवकर भरून येत नाही, गळवे पुनःपुन्हा होतात, दृष्टी मधूनच अंधुक होते. काही जणांच्या मानेच्या मागील बाजूची कातडी काळवंडून मखमलीसारखी जाड होते. हा मळ आहे असे समजून आया मुलांची मान घासघासून लाल करतात. वस्तुतः इन्सुलिनची आज्ञा पाळली जात नसल्याची ती खूण असू शकते. अर्थात खात्री होते ती रक्ततपासणीनेच. उपाशीपोटी १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅमहून कमी साखर असणे चांगले. ती १२६ किंवा त्याहून अधिक भरली आणि पुन्हा तपासल्यावरही तशीच आढळली, तर तो मधुमेह होय. या दोहोंच्या मधला जो पट्टा आहे, तो रोगाचा उंबरठा म्हणता येईल. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतात सुमारे दहा कोटी लोक मधुमेही आहेत आणि तेरा कोटींहून अधिक लोक उंबरठ्यावर उभे आहेत.

इतके लोक कसे? भारतीय माणसे तर पाश्चात्त्यांच्या मानाने सडपातळ दिसतात! या प्रश्नाचा मागोवा पुण्यात घेतला गेला. तेथील के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक दीर्घ अभ्यास सुरू केला. तेथील स्त्रियांचे वजन गरोदरपणापूर्वी सरासरी बेचाळीस किलोच्या आसपास होते. त्या शेतात राबत, दुरून पाणी आणीत. त्यांच्या बाळांचे जन्मवेळचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांचे सुमारे ३.५ किलो होते. पुण्याकडील बाळे लहान होती, हे तर दिसतच होते. परंतु बारकाईने मोजल्यावर एक नवल आढळले. त्यांचे स्नायू आणि पोट बरेच लहान होते, कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसावयास कृश, पण आत चरबी राखून असलेले असे हे बाळ! ज्या माता पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे अधिक वाढलेली होती, हेही त्याच अभ्यासात दिसून आले. गरोदर स्त्रीच्या ताटाचा मुलाच्या प्रकृतीशी असा निकटचा संबंध असतो.

डॉ. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे स्नेही डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली आपल्या स्वतःच्याच शरीरांचे एक छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. तपासणीत मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण शेकडा ९.१ निघाले आणि याज्ञिक यांच्या शरीरात शेकडा २१.२! वजनकाटा भारतीय माणसाला कसा फसवितो, हे समजावून देण्यास याहून चांगला पुरावा शोधूनही सापडला नसता. म्हणून आपल्याकडे वजनाबरोबर कंबरेचा घेरही मोजावा, असे डॉक्टर सांगतात. तो पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. त्यासाठी शिंप्याकडची साधी फीत पुरते.

उंबरठ्यावरून मागे फिरता येते काय? याचे उत्तर काही अंशी १८७० सालीच मिळाले होते. जर्मन सैन्याने पॅरिसला वेढा घातला आणि शहरात अन्नाचा तुटवडा पडला. तेव्हा आपल्या काही मधुमेही रोग्यांच्या मूत्रातील साखर नाहीशी झाल्याचे आपोलिनेर बूशार्दा या फ्रेंच वैद्याच्या लक्षात आले. पुढे तो रोग्यांना मोजके खाण्यास आणि अंगमेहनत करण्यास आग्रहाने सांगे. एकविसाव्या शतकात चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न शास्त्रशुद्ध रीतीने तपासला. उंबरठ्यावरच्या ५३१ स्त्रीपुरुषांचे गट पाडण्यात आले. एका गटाला नेहमीचाच सल्ला मिळाला. त्यातील शंभरांपैकी पंचावन्न जणांना सुमारे तीन वर्षांत मधुमेह जडला. दुसऱ्या गटाला रोज निदान अर्धा तास झपाझप चालण्यास सांगितले होते. साखर, तळलेले पदार्थ आणि पांढरा भात कमी करून चोथायुक्त अन्न वाढविण्यास सांगितले होते, आणि त्यांची वरचेवर विचारपूसही होत असे. त्या गटात हे प्रमाण शंभरांत एकोणचाळीसच राहिले. विशेष म्हणजे त्यांचे वजन फारसे घटलेले नव्हते! २००६ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकोणचाळीस हा आकडाही लहान नाही, हे खरे. सवयी बदलल्या की रोग टळेलच, असे वचन कोणी देऊ शकत नाही. पण शंभरांतील सोळा घरे वाचली, हे काही थोडे नव्हे.

चालल्याने नेमके काय होते? स्नायू हलू लागले की ते इन्सुलिनची फारशी वाट न पाहताही रक्तातील साखर उचलतात. गंजलेल्या दाराला जणू मागचे दार उघडते. म्हणून जेवणानंतरची शतपावली हितकर आहे आणि तासन् तास एका जागी बसणे अहितकर. मुलांना तर रोज तासभर धावणे-खेळणे हवे. खो-खो, लंगडी, हुतुतू यांना कोणतेही खर्चिक साहित्य लागत नाही. पुरेशी झोपही हवी. जागरणाने शरीराचा साखरेचा हिशेब बिघडतो. तंबाखू आणि धूम्रपान यांनी रोगाचा धोका वाढतो, हेही येथे नमूद केले पाहिजे.

ताटाविषयी मात्र लोकांत विलक्षण समजुती आहेत. ‘साखर सोडली आणि गूळ धरला’ असे अभिमानाने सांगणारे गृहस्थ घरोघरी भेटतात. गूळ, मध किंवा उसाचा रस यांतील साखर रक्तात गेल्यावर आपले कूळ सांगत बसत नाही! उपवासाच्या दिवशी साबूदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस खाल्ला, तर तो साखरेच्या दृष्टीने उपवास नसून मेजवानीच ठरते. नाचणी चांगली, परंतु तिचे वस्त्रगाळ पीठ करून पातळ पेज केली, तर तिचीही साखर झटकन चढते. ज्वारीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, पालेभाजी आणि कोशिंबीर हे आपल्या आजीच्या हातचे जेवण या कामी उत्तम. त्यात भाताचा डोंगर मात्र नसावा. फळ चावून खावे, त्याचा रस काढून पिऊ नये. बाटलीतील गोड पेयांना ताटात मुळीच स्थान नाही. सणाच्या दिवशी एखादी पुरणपोळी खाल्ल्याने आकाश कोसळत नाही; रोजच्या चार कप चहातील दोन-दोन चमचे साखर मात्र वर्षाअखेर कित्येक किलो भरते.

मधुमेह जडल्यावरही हाच आहार आणि हेच चालणे उपयोगी पडते. पण ते औषधाच्या जोडीने. कारल्याचा रस किंवा जांभळाच्या बियांचे चूर्ण घेऊन डॉक्टरांच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करणे हा आगीशी खेळ होय. ठरावीक काळाने रक्ताची तपासणी करावी लागते. वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची आणि मूत्रपिंडांची तपासणी होणे आवश्यक असते आणि रक्तदाबही ताब्यात ठेवावा लागतो.

आता वहाणांविषयी. दीर्घकाळ साखर वाढलेली राहिली की पायांचे मज्जातंतू बधिर होतात आणि रक्ताचा पुरवठाही मंदावतो. वहाणेतील खडा टोचत नाही, दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीचा चटका जाणवत नाही, करंगळीजवळची भेग चिघळली तरी दुखत नाही. वेदना नसल्यामुळे जखमेकडे कोणाचे लक्ष जात नाही. ती वाढत जाते आणि कधीकधी पाय कापण्याची पाळी येते. म्हणून मधुमेही माणसाने घरातही अनवाणी चालू नये. पाय रोज धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करावेत आणि दिव्याच्या उजेडात तळवे पाहावेत. वृद्धांना वाकता येत नाही, शिवाय त्यांची दृष्टी मंदावलेली असते. आपलाच तळवा त्यांना दिसत नाही. तेव्हा हे काम नातवंडांनी हाती घ्यावे. रात्री निजण्यापूर्वी आजोबांचा पाय मांडीवर घ्यावा आणि टाच, चवडा, बोटांमधील जागा नीट निरखावी. कोठे लाली, फोड, भेग किंवा पाणी सुटलेले दिसते काय, हे पाहावे. तसे काही आढळल्यास ‘दुखत तर नाही ना’ असे विचारण्यात वेळ दवडू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना डॉक्टरांकडे न्यावे.